स्वादुपिंडाला ताण

तो व्हिडिओ कदाचित तुमच्यापर्यंत आला असेल. गुलाबाच्या वाफ्यात उभी असलेली हिरव्या साडीतली बाई, हातात काचेची छोटी बाटली, आणि तोंडभर हसत म्हणतेय, "माझी सुई सुटली."

ती बाई मी. तो बघून कुणी इन्सुलिन बंद केलं असेल तर पुढचं नंतर वाचा. आधी आपल्या डॉक्टरांना फोन लावा आणि ते सांगतील तसं इन्सुलिन घ्या. माझी सुई सुटली नव्हती, मीच सुटायच्या बेतात होते.

हे लिहायचं कारण एवढंच. मला लिहायची हौस नाही, आणि आजारपणाने माणूस शहाणा होतो वगैरे जे म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही. मी शहाणी झाले नाही. मला फक्त किळस आली, ती अजून पुरती गेलेली नाही. तो व्हिडिओ मी एकदाच पूर्ण पाहिला आणि स्वतःच्याच दातांची शिसारी आली. पण तो अजून फिरतोय, आणि मला तो थांबवता येत नाही. कुणाच्या तरी घरात माझा तो हसरा चेहरा बघून आजही कुणीतरी सुई बाजूला ठेवत असेल.

मुंग्या

आम्ही फुलवाले. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमचा गुलाब आणि झेंडू, बांधाच्या कडेने थोडी मेथी-कोथिंबीर. सकाळी तोडणी, मग बाजार, मग घर. मला आजारी पडायला कधी सवड झाली नव्हती.

आधी वजन उतरायला लागलं. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "काय गं सुनंदा, डाएट का?" मला बरंच वाटलं. मग तहान लागायला लागली, अशी की तोडणी अर्धी टाकून मी ड्रिपच्या नळीला तोंड लावायचे. आणि मग मोरीत मुंग्या आल्या. लाल, बारीक, रांगच्या रांग. मी खडूच्या रेघा ओढल्या, हळद टाकली, फिनेल ओतलं. मुंग्या हटेनात. आमचे हे म्हणाले, "कुणी गूळ सांडलाय का इथे?" मोरीत बसून गूळ कोण खाणार?

त्या कशाला येतायत हे मला ज्या दिवशी उमगलं, त्या दिवशी मी मोरी घासली, मग हात घासले, मग परत मोरी घासली. माझ्या अंगातून पाक गळतोय आणि घरातल्या मुंग्यांना ते माझ्या आधी कळलंय. शी.

पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्या खाऊन मी आणखी वाळले. मग गंगापूर रोडच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी वेगळं रक्त तपासलं आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"ही नेहमीची साखर नाही," त्या म्हणाल्या. "स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी असतात. तुमचं शरीर त्यांना परकं समजून मारतंय. हे बहुतेक लहान वयात होतं, तुम्हाला उशिरा झालंय. थोड्या पेशी अजून उरल्यात. पण इन्सुलिन आजपासून बाहेरून घ्यायचं."

"किती दिवस?" यांनी विचारलं.

"कायम."

यांनी डॉक्टरांकडे नाही पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी फोडलंय आणि आता ते भरून द्यायला लागणार आहे अशा नजरेने.

सल्लागार

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. साखर राहिली बाजूला, सल्ले देणारेच घरात मावेनात. कुणी कारल्याचा रस आणला, हिरवागार, वर फेस. कुणी जांभळाच्या बियांची पूड. एक मामेसासरे गोमूत्र घेऊन आले, सरबताच्या बाटलीत, वरचं केशराचं लेबलही काढलं नव्हतं. ती बाटली फ्रिजमध्ये माझ्या इन्सुलिनशेजारी उभी राहिली आणि पाहुण्यांनी दोनदा ती सरबत म्हणून बाहेर काढली. मला त्यांना थांबवायची घाई करावीशी वाटेना.

आणि प्रत्येकाचं एकच पालुपद. "सुई म्हणजे शेवटची पायरी. एकदा लागली की सुटत नाही." हे सांगताना माझ्या पोटाकडे बघायचे, तिथे काहीतरी सडतंय अशा चेहऱ्याने.

खरं सांगू? सुई वाईट नव्हती. वास तेवढा वाईट, दवाखान्याच्या फरशीसारखा. पण महिनाभरात माझ्या गालावर मांस आलं. मुंग्या गेल्या. जेवण अंगी लागायला लागलं. साखर इतकी छान वागायला लागली की डॉक्टरबाईंनी डोस कमी केला, आणि कमी करताना बजावलं, "आता काही महिने असंच चांगलं दिसेल. बाहेरून इन्सुलिन मिळतंय म्हणून उरलेल्या पेशींना जरा विसावा मिळालाय, म्हणून त्या काम करतायत. फसू नका. इन्सुलिन बंद करायचं नाही."

मी ऐकलं ते "बंद करायचं नाही". यांनी ऐकलं ते "पेशी काम करतायत".

ताण

आता हे समजायला तुम्हाला शेती थोडी कळायला हवी. लिंबू, डाळिंब असल्या झाडांना बहार धरायचा असेल तर ताण देतात. म्हणजे पाणी तोडायचं. पानं पिवळी पडू द्यायची, गळू द्यायची, झाड आता जातंय की राहतंय असं वाटेपर्यंत कळ काढायची. मग पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी लदबदून जातं. आमच्या यांना लिंबाचा ताण असा जमतो की लोक बघायला येतात.

शेतीची औषधं विकणारा एक माणूस यांच्या ओळखीचा होता. त्याला सगळे साहेब म्हणायचे. आदल्या हंगामापर्यंत तो द्राक्षाचे मणी फुगवायचं टॉनिक विकत होता. आता त्याने माणसांचं सुरू केलं होतं. त्र्यंबक रोडच्या एका मंगल कार्यालयात त्याने कार्यक्रम ठेवला. आम्ही गेलो. स्टेजवर, जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथे, पडद्यावर स्वादुपिंडाचं चित्र, वाकड्या चिंचेसारखं, आणि त्यावर ठिकठिकाणी काढलेली कुलपं.

"आपल्या मेंदूत भांगेची कुलपं असतात," साहेब माइकमधून सांगत होता. "परदेशातले शास्त्रज्ञ सांगतात, मी नाही. आणि तशीच कुलपं स्वादुपिंडात, इन्सुलिनच्या पेशींवर सापडलीत. आता मला सांगा, देवाने कुलूप केलं तर किल्ली केली नसेल का? ती किल्ली महादेवाच्या पायाशी उगवते. तुम्ही त्र्यंबकेश्वराच्या सावलीत राहता आणि विलायती सुया टोचून घेता?"

भांग हा शब्द तो त्यानंतर परत बोलला नाही. बाटलीवर नाव होतं 'विजया'. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, हे तिथे बसलेल्या किती जणांना ठाऊक होतं देव जाणे. यांना ठाऊक होतं.

हे घरी आले ते उजळलेल्या तोंडाने. संध्याकाळी माझे पाय चेपत मला समजावायला लागले. "बघ, बाहेरून आयतं मिळतंय म्हणून आतलं आळशी झालंय. ड्रिपवरच्या झाडाची मुळं वरवरच राहतात की नाही? तुझ्या स्वादुपिंडाला ताण द्यायला पाहिजे. सुई हळूहळू तोडायची. विजया चालू ठेवायची. मग बघ कसं फुटतं ते."

"मी झाड नाहीये," मी म्हटलं.

"जीव तो जीव."

त्यांनी आवाज चढवला असता तर मी त्यांचं ऐकलं नसतं. पण ते पाय चेपत होते. माणूस दमलेला असला की प्रेमाने सांगितलेला मूर्खपणा शहाणपणासारखाच ऐकू येतो.

ते थेंब म्हणजे ओल्या गोणपाटात मुरलेलं खवट तेल. जिभेखाली धरायचे. घशात उतरेपर्यंत पोट उलटं व्हायचं, आणि थोड्या वेळाने तेच पोट भूक भूक करायचं. राक्षसासारखी जेवायचे. तोंड सुकायचं. आणि हसू यायचं, कशाचंही. भावकीतल्या एका दशक्रियेला रामकुंडावर सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत हात जोडून उभे, आणि मला त्या कावळ्याच्या मान वाकडी करण्याचं असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबून मी कपडे बदलायच्या आडोशाला पळाले. लोकांना वाटलं, रडतेय. एक बाई पाठीवरून हात फिरवायला आली.

त्याच आठवड्यात साहेब मोबाइलवाला माणूस घेऊन आमच्या वाफ्यात आला. सुई तेव्हा नुकतीच पूर्ण थांबवली होती आणि त्या दिवशी साखर खरंच बरी निघाली होती, आधीच्या इन्सुलिनने मिळालेल्या विसाव्यावर. हे साहेबाला कौतुकाने ताणाचं सांगत होते. साहेब म्हणाला, "वा शेठ, काय शब्द दिलात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, हसून बोला. म्हणा, माझी सुई सुटली." मी म्हटलं. मला तसंही हसूच येत होतं.

शुद्धी

मग उलट्या सुरू झाल्या.

पहिल्यांदा अन्न, मग पाणी, मग नुसतं कडू हिरवं, मग चहाच्या चोथ्यासारखं काळपट. मोरीपर्यंत पोचायची नाही म्हणून यांनी बादली आणून ठेवली. फुलं भिजत घालायची बादली. तोंडाला एक गोडसर वास यायला लागला, पेटीच्या तळाशी पिचलेल्या द्राक्षांना येतो तसला. तो माझ्याच तोंडाचा आहे हे कळायला मला वेळ लागला. मी खोलीभर कुजलेलं फळ शोधत होते.

यांनी साहेबाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला त्याचे शब्द ऐकू आले.

"उत्तम. विष बाहेर पडतंय. ही शुद्धी आहे. थेंब वाढवा."

"शेठ, ताणात पान गळतंच," असंही तो म्हणाला. यांचाच शब्द यांना परत विकला.

यांनी थेंब वाढवले. माझं डोकं मांडीवर घेऊन, हनुवटी धरून, लेकराला पाजतात तसे पाजले. त्यानंतरचं मला आठवत नाही.

विजया कोण?

पुढचं मला माझ्या नणंदेने सांगितलं. यांची थोरली बहीण, मनमाडला असते, मेहुणे रेल्वेत. तिचं नाव विजया.

भर दुपारी मला दवाखान्यात आणलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काय औषधं चालू आहेत?" हे म्हणाले, "इन्सुलिन. वेळेवर चालू आहे." धडधडीत खोटं. डॉक्टरांनी मला हलवून विचारलं, "मावशी, काही घेतलं का?" मी अर्धवट शुद्धीत बरळत होते, "विजया... विजया दिली..."

"विजया कोण?"

माझ्या शेजारी उभे असलेले आमचे हे, ज्यांच्या शर्टाच्या खिशात ती बाटली होती, म्हणाले, "माझी बहीण. हिचा फार जीव आहे तिच्यावर. तिची आठवण काढतेय."

आणि त्यांनी मनमाडला फोन केला. खोटं नीट उभं राहावं म्हणून.

साखर आभाळाला टेकली होती, सलाइन आणि इन्सुलिन लगेच सुरू केलं, म्हणून मी आज हे लिहितेय. पण इन्सुलिन चालू असताना ही अशी कशी पडली, ही एवढी गुंगीत का, याचा शोध घेत डॉक्टरांनी माझ्या डोक्याचे फोटो काढले, छाती तपासली, नको तिथे नळ्या घातल्या. विजयाताई मिळेल त्या गाडीने उभ्याने आल्या. त्यांना वाटलं, वहिनी जाता जाता माझं नाव घेतेय. वॉर्डच्या दारात त्या डॉक्टरांनी त्यांनाच गाठलं.

"तुम्ही विजया? तुम्ही काय दिलंत यांना?"

"मी?" ताई म्हणाल्या. "मी तर मनमाडला मेथी निवडत बसले होते."

मग त्यांनी भावाकडे पाहिलं. हे खिशावर हात ठेवून उभे होते. लहानपणी चिंचा चोरल्या की हा असाच उभा राहायचा, ताई सांगतात. त्या सरळ पुढे गेल्या, भावाचा हात बाजूला केला आणि खिशातून बाटली काढून डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी वरचं नाव वाचलं. ताई बोलल्या. काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

नंतर मी यांना एकदाच विचारलं, का? म्हणाले, "भांग म्हटलं की पोलीस केस होईल असं वाटलं." मी इथे मरत होते आणि यांना पोलिसांची भीती वाटत होती.

खाट

दवाखान्याबद्दल लोक देवमाणसं वगैरे लिहितात. असतीलही. मला आठवतात ते वास. खाटेखालच्या भांड्याचा, चिकटपट्टीखाली घामेजलेल्या कातडीचा, शेजारच्या बाईंच्या पायाच्या जखमेचा. मनगटाच्या आतल्या धमनीतून रक्त काढताना येणारी कळ. भेटायला येऊन माझ्या उशाशी बसून वडापाव खाणारे नातेवाईक. "बरी दिसतेस," म्हणणारे, आणि रुमालाने बोटं पुसत पुन्हा "सुई लागलीच का शेवटी?" म्हणणारे.

विजयाताई राहिल्या. माझ्या केसांत उलटी वाळून त्याच्या जटा झाल्या होत्या. त्या पाण्याचा मग आणि घमेलं घेऊन आल्या, माझं डोकं खाटेच्या कडेला ओढलं आणि धुतलं. नाकाला पदर लावला नाही.

"ताई, मी तुमचं नाव नव्हते घेत," मी म्हटलं.

"माहितीये. म्हणून काय परत जाऊ?" त्या म्हणाल्या आणि पाणी ओतत राहिल्या.

आमच्या डॉक्टरबाई भेटायला आल्या तेव्हा हे कोपऱ्यात स्टुलावर होते. मी विचारलं, "तो कुलपाचं बोलला ते सगळं खोटंच का?"

"सगळं खोटं असतं तर सोपं होतं," त्या म्हणाल्या. "कुलपं आहेत. आपलं शरीर स्वतःही भांगेसारखं काहीतरी बनवतं, भूक लागण्यात वगैरे त्याचा हात असतो. आणि ती कुलपं इन्सुलिनच्या पेशींवर आणि आसपासही सापडलीत. पण किल्ली फिरवली की काय होतं यावर अजून एकमत नाही. कुठे इन्सुलिन वाढल्याचं दिसतं, कुठे कमी झाल्याचं. उंदरांमध्ये तर काही वेळा उलटंच दिसलंय, कुलूप बंद ठेवलं की पेशी बऱ्या राहतात. कुलूप बंद करणारी गोळीसुद्धा एकेकाळी माणसांना दिली होती. वजनं उतरली, पण लोक मनाने खचायला लागले, म्हणून ती बाजारातून काढावी लागली. एवढं ते नाजूक काम आहे. त्यात हा माणूस बाटली विकतो." मग म्हणाल्या, "आणि तुमच्या बाबतीत पेशीच मरतायत. घरच पडायला लागलंय तिथे कुलपाची काय चर्चा?"

"उरलेल्या पेशींचं काय?" हे कोपऱ्यातून म्हणाले.

"उरल्या असतील तर फार थोड्या."

हे उठून बाहेर गेले. मला त्यांची दया आली नाही. मला त्यांच्या पाठीचीसुद्धा किळस आली. घरी गेल्यावरही कित्येक दिवस त्यांनी केलेला चहा माझ्या घशाखाली उतरत नव्हता. कपात काय आहे ते मला दिसायचं, तरी मी वास घेऊन बघायचे, आणि मी वास घेतेय हे त्यांना दिसायचं. आम्ही बोलायचो ते खताचं आणि तोडणीचं. त्यांनी मला शिवलं तर मी अंग आखडून घ्यायचे. साहेबाचा नंबर बंद झाला होता. व्हिडिओ चालूच होता.

नामपूर

मग एके सकाळी फोन आला.

"नाशिकच्या ताई का? व्हिडिओवाल्या?" बाईचा आवाज, बागलाणकडचा हेल. तिच्या भावाचा टेम्पो फुलबाजारात येतो, त्याने विचारत विचारत माझा नंबर मिळवला होता. "साहेबांचा फोन लागत नाय. एवढंच विचारायचं व्हतं, ते थेंब जेवणाआधी का जेवणानंतर? आमच्या पोरीला चालू करायचे. सुई आज सकाळपासून बंद केली."

मी तिला सगळं सांगितलं, एका दमात, ओरडतच असेन. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही त्या ताई नाय. त्या लय हसून बोलतात," आणि फोन ठेवला. परत लावला तर उचलेना.

मी यांना म्हटलं, "गाडी काढा." त्यांनी विचारलं नाही कुठे. वाटेत मी तिच्या टेम्पोवाल्या भावाला फोन करून गाव विचारलं, नामपूर, आणि त्याला म्हटलं, बहिणीला सांग, डॉक्टरांना फोन कर. सटाण्यावरून आम्ही नामपूर गाठलं.

घर मळ्यात होतं, मागे डाळिंबाची बाग. नवरा कांदा घेऊन मार्केटला गेला होता. ती ओसरीवर आली, माझ्याकडे बघितलं, मोबाइलमध्ये बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मी वाळले होते, केस गेले होते. तिला पटायला वेळ लागला. मुलगी उंबऱ्यात बसली होती, नववी-दहावीतली, वेणी घालत.

"मनी पोर चांगली शे," ती अहिराणीत म्हणाली, माझी पोर चांगली आहे. "काही व्हयनं नाही तिले. तुम्ही उगा घाबरवू नका, ताई. तुम्हीच तर बोलल्या, तुमच्या तोंडानं. आता कोणतं तोंड खरं मानू?"

मी म्हटलं, "तेव्हा मला बरंच वाटत होतं. खोटं नव्हते बोलले. म्हणून तर आले."

"साहेबांनी बाटली देताना समजावून सांगितलंय," ती म्हणाली, आता जरा चिडून. "पोरीच्या पेशींना थोडा ताण द्यायचा. डाळिंबाला देतो तसा. पान गळंल, पण मंग फुटंल. आम्हाला ताण काय ते शिकवू नका."

हे गाडीपाशी उभे होते. तिथून ओसरीपर्यंत आले आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"तो शब्द साहेबाचा नाही," ते म्हणाले. "माझाय. मी काढला. हिला मी दिला ताण, माझ्या हाताने."

"मंग? काय झालं?"

हे काही सांगू शकले नाहीत. आणि मग ते श्वास घ्यायला लागले. पोटापासून, खोल, भराभर, तोंड उघडं टाकून, हवा घशात खरवडत आत आणि बाहेर. खांदे वर जात होते. डोळे अर्धे मिटले होते. त्या ओसरीवर दुसरा आवाजच उरला नाही. मी असा श्वास घेत होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तो दिवस ते एकट्याने ऐकत बसले होते.

ती बाई मुलीकडे वळून बघायला लागली.

"मनी पोर बी आशीच करे," ती म्हणाली. "पहिल्यांदा दवाखान्यात नेलं त्या दिशी. आशीच."

ती उठली आणि आत गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग तिचा फोनवरचा आवाज, सटाण्याच्या डॉक्टरांना विचारत होती, साखर किती आहे ते सांगत होती, काय देऊ, किती देऊ, घेऊन येऊ का. हे अजून थांबले नव्हते. थांबायचं त्यांना कळतच नव्हतं. मी खाली बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे थांबले.

ती सुई घेऊन बाहेर आली आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापर्यंत इन्सुलिन भरायला लागली. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं. मुलीने वेणी पाठीमागे टाकली आणि बाही वर केली.

"मम्मी, रडू नको," ती म्हणाली, "आकडा चुकेल."